लाव्ह्यावर उगवलेलं रान

९ मे १९८८ रोजी इंडोनेशियाच्या बांदा समुद्रात गुनुंग आपी फुटला. आगीचा डोंगर हेच त्याचं नाव आणि हा डोंगर म्हणजे एक अख्खं बेट आहे. समुद्रातून थेट वर आलेला, साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीचा शंकू. समोरच बांदा नेइरा हे वस्तीचं बेट, मध्ये फक्त एक चिंचोळी खाडी. त्या दिवशी हजारो माणसांना होड्यांत बसवून दूर न्यावं लागलं. राख आभाळात गेली, घरांवर पडली, जायफळाच्या बागांवर पडली. डोंगराच्या कुशी फाटून लाव्हारस उतारावरून वाहत निघाला आणि समुद्रात शिरला. उत्तरेच्या बाजूला तो जिथे पाण्यात गेला, तिथे आधी प्रवाळाचा कट्टा होता. तो त्याखाली गाडला गेला.

ही जागा आज जगभरच्या स्कूबा डायव्हरांना ‘लाव्हा फ्लो’ या नावाने माहीत आहे. तिथे जाण्यासाठी माणसं दोन-तीन विमानं बदलतात, अंबोन बेटाहून पुढे बोटीने खुल्या समुद्रातून तासन्‌तास प्रवास करतात. मी गेले तेही त्याच कारणासाठी.

टोमास टोमाशिक आणि त्यांचे सहकारी संशोधक उद्रेकानंतर पाच वर्षांनी या काळ्या दगडावर उतरले होते. त्यांचा निबंध १९९६ मध्ये ‘कोरल रीफ्स’ या नियतकालिकात आला. थंड होऊन जेमतेम पाच वर्षं झालेल्या लाव्ह्यावर त्यांना प्रवाळाच्या १२४ जाती सापडल्या. दगडाचा ६० टक्क्यांहून जास्त भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. मेजासारख्या पसरट वाढणाऱ्या प्रवाळाच्या काही वसाहती ९० सेंटिमीटरहून रुंद झाल्या होत्या. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत वर्षाला निदान नऊ सेंटिमीटर. गोलाकार, घट्ट वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या वेगाचा अर्थ कळतो. उद्ध्वस्त झालेलं प्रवाळ सावरायला दशकं लागतात, असं तोवर सगळे धरून चालले होते.

हे घडलं कसं, याचं उत्तर मला त्या आकड्यांपेक्षाही मोलाचं वाटतं.

प्रवाळ म्हणजे प्राणी. एकेक जीव बहुधा डाळीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, आणि त्यांच्या लाखोंच्या वसाहती मिळून कट्टा बनतो. हे जीव जागचे हलत नाहीत, पण त्यांची पिल्लं हलतात. वर्षातल्या ठरावीक रात्री एकाच वेळी अनेक जाती अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतात. त्यातून झालेले अळीसारखे सूक्ष्म जीव काही दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि मग बसायला जागा शोधतात. ही जागा कठीण हवी, स्थिर हवी, खडबडीत असली तर उत्तम, आणि आधीच कुणी बळकावलेली नको. जुन्या कट्ट्यावर शैवाल, स्पंज, मऊ प्रवाळ यांची गर्दी असते आणि नव्याला शिरकाव मिळत नाही. १९८८ चा लाव्हा यातली प्रत्येक अट पुरी करत होता. समुद्राच्या पाण्याने तो भराभर गोठला, तडकला, त्यात भेगा, कपारी आणि छज्जे तयार झाले. आणि तो पूर्णपणे मोकळा होता.

याच उद्रेकात काही ठिकाणी लाव्हा पोचला नाही, फक्त राख आणि सुटे दगडगोटे येऊन पडले. तिथे प्रवाळ फारसं उभं राहिलं नाही. सुटा खडा लाटेने गडगडतो आणि त्यावर बसलेलं कोवळं प्रवाळ चिरडून जातं. इंडोनेशियात अनेक ठिकाणी बाटलीत स्फोटकं भरून मासेमारी केली गेली, तिथेही हेच झालं. स्फोटाने कट्ट्याचा भुगा होतो आणि तो भुगा वर्षानुवर्षं हलत राहतो. तापलेल्या लाव्ह्याने जे पाच वर्षांत परत येऊ दिलं, ते बाटलीतल्या स्फोटकांनी कितीतरी ठिकाणी अजून येऊ दिलेलं नाही.

वाचणाऱ्याच्या मनात इथे एक प्रश्न यावा. आपणही लाव्ह्यावरच राहतो. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. हरिहरेश्वरच्या समुद्रात जो काळा खडक लाटा झेलतो, तो बसाल्टच. मग रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला बांदासारखं प्रवाळ का नाही? याचं कारण पाण्यात आहे. पावसाळ्यात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या घाटावरची लाल माती समुद्रात आणून ओततात. पाणी गढुळलं की उजेड खाली पोचत नाही आणि प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाला उजेडाशिवाय अन्न करता येत नाही. आपल्याकडे काही खडकाळ पट्ट्यांत प्रवाळ तग धरून आहे, मालवणला तर चांगलं आहे, पण रान म्हणावं असं नाही. बांदाची बेटं इतकी लहान आहेत की तिथे नदीच नाही. भोवती समुद्र खोल आहे. बांदा समुद्राच्या पूर्वेकडचा वेबरचा खळगा सात हजार मीटरहून खाली जातो. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागराकडे सतत सरकत असतं, त्यातला मोठा भाग याच समुद्रातून येतो. आग्नेयेचे वारे सुटले की खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. स्वच्छ पाणी, उजेड, खाद्य आणि आसपास जिवंत कट्टे हे सगळं होतं, म्हणून लाव्ह्याचा उपयोग झाला.

आम्ही उतरलो तेव्हा पाणी २८ अंश होतं. पातळ वेटसूट पुरला. बोटीच्या काठावरून पाठीमागे पडायचं, पाण्यावर येऊन सगळं ठीक असल्याची खूण करायची, मग बीसीडीतली, म्हणजे तरंगण्याच्या जॅकेटातली, हवा सोडून खाली जायचं. दर मीटरला कान मोकळे करत जायचं, कारण दहा मीटरवरच शरीरावरचा दाब पाण्यावरच्या दुप्पट झालेला असतो. बेटाचा वरचा उतार काळा, कोरडा, झाडोऱ्याला अजूनही चिवटपणे नाकारणारा. पाण्याच्या रेषेखाली लगेच दृश्य बदलतं. पाच मीटरपासून पुढे पसरट प्रवाळं एकावर एक, एकाच्या कडेखालून दुसरं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोलात उतरत जातात. काहींचा विस्तार मी हात पसरले तरी मावला नसता. मधूनमधून फांद्यांची दाटी, आणि तिच्यात निळ्या-हिरव्या चिमुकल्या माशांचे थवे, जवळ गेलं की एकदम आत शिरणारे. लाव्हा बघायला गेलो होतो, पण लाव्हा दिसतच नव्हता. दोन वसाहतींच्या मधल्या एखाद्या फटीत तेवढा काळा दगड डोकावायचा.

आमचा गाइड नेइराचाच होता. तो कुठेही न टेकता, श्वासावर तोल सांभाळत, हात छातीशी धरून पोहत होता. मेजासारख्या या प्रवाळाची कड काचेच्या बशीसारखी पातळ असते. फिनचा एक बेसावध फटका बसला तर दोन-तीन वर्षांची वाढ तुटून पडते. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी गुडघा टेकायची तयारी केली तेव्हा गाइडने त्याची टाकी धरून त्याला सरळ वर उचललं. पाण्यात ओरडता येत नाही, पण त्याची नजर पुरेशी होती.

खाली एका कपारीतून पट्ट्यापट्ट्यांचा समुद्री साप निघाला, आमच्यामधून सरळ वर गेला, पृष्ठभागावर श्वास घेऊन पुन्हा खाली आला. बांदा समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांभोवती साप भरपूर आहेत. दक्षिणेला मानुक नावाचं निर्मनुष्य ज्वालामुखी बेट आहे, तिथे तर एका डायव्हमध्ये ते मोजता येत नाहीत. विष जहाल, स्वभाव मात्र शांत आणि कुतूहलाचा. त्यांना वाट द्यायची, हात लावायचा नाही, एवढं केलं की झालं. हातोड्याच्या आकाराच्या डोक्याच्या मुशी, म्हणजे हॅमरहेड, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या बेटांच्या कड्यांवर थव्याने येतात. बहुतेक डायव्हर त्यांच्यासाठी येतात आणि खोल निळ्या पाण्यात ताटकळतात. नेइराच्या धक्क्याखाली संध्याकाळी दगडांच्या भुग्यातून बोटभर लांबीचे मँडरिन मासे जोडीने वर येतात, त्यांच्या अंगावरची निळी-नारिंगी नक्षी टॉर्चच्या मंद उजेडात पाहायला मिळते. पण माझ्यासाठी बांदा म्हणजे लाव्हा फ्लोच.

बोटीतून नेइरावर परत आलं की भिंतींवर, अंगणात, रस्त्याच्या कडेला तरटं पसरून जायफळ वाळत घातलेलं दिसतं. श्रीखंडात, बासुंदीत, पुरणात आपण जे किसून घालतो, ते जायफळ मुळात इथलं. एकोणिसाव्या शतकापर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ आणि जायपत्री याच मूठभर बेटांवरून जात होती. कारण पुन्हा तेच, ज्वालामुखी. राखेची माती, दमट हवा आणि कनारीच्या उंच झाडांची सावली. रानटी कबुतरं जायफळ गिळतात, जायपत्री पचवतात आणि बी जसंच्या तसं टाकून देतात, हे १८५७ मध्ये इथे आलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने नोंदवलं आहे. बेटावर जायफळाच्या गराचा मुरांबा करतात आणि साखरेत वाळवलेल्या फोडी विकतात. कोकणात आपण त्याच सालीचं लोणचं घालतो. नारळ-पोफळीच्या बागांत आज जे जायफळ उभं आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’सारखे वाण ज्याचे काढले, त्याचं मूळ घर हे.

या झाडापायी इथल्या माणसांचं जे झालं ते सांगितल्याशिवाय बांदाबद्दल लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. पर्यटनाच्या पत्रकांत ते अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं.

बांदाला राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे प्रतिष्ठित वडीलधारी माणसं मिळून कारभार पाहत. व्यापार सगळ्यांशी चाले. जावा, मलाक्का, अरब, चिनी, आणि मोबदल्यात गुजरात आणि कोरोमंडलचं कापड येई. १५१२ मध्ये पोर्तुगीज आले, १५९९ मध्ये डच. डच ईस्ट इंडिया कंपनीला जायफळ फक्त आपल्यालाच विकलं जावं असं हवं होतं, आणि बांदाच्या माणसांना ते परवडणारं नव्हतं. १६०९ मध्ये डच अॅडमिरल व्हेरहूफ वाटाघाटींच्या वेळी मारला गेला. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून मोठं आरमार घेऊन आला. मे महिन्यात नेइराच्या फोर्ट नासाउमध्ये चाळीसेक ओरांग कायांची डोकी जपानी भाडोत्री सैनिकांकडून उडवली गेली. गावं जाळली. डोंगरात पळालेली माणसं उपासमारीने मेली, काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, शेकडोंना गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेलं. त्याआधी बेटांवर अंदाजे १५ हजार माणसं असावीत असं मानतात. मागे हजारभर उरली. मग बागांचे तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना वाटले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. ज्यावर इंग्रज हक्क सांगत होते ते चिमुकलं रुन बेट १६६७ च्या ब्रेडा तहात डचांना गेलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. ही गोष्ट लोक रंगवून सांगतात. १६२१ ची सांगत नाहीत. कूनचा पुतळा त्याच्या जन्मगावी, हूर्नमध्ये, १८९३ साली उभारला गेला.

जी माणसं वाचली त्यांतली काही होड्यांनी पूर्वेला केई बेटांवर गेली. बांदा एली आणि बांदा एलात ही त्यांची गावं आजही आहेत आणि बांदाची मूळ भाषा तिथे बोलली जाते. खुद्द बांदावर ती कुणी बोलत नाही. आज नेइरावर राहतात ते जावा, बुटोन, सुलावेसी, मालुकू अशा अनेक ठिकाणांहून आणलेल्या आणि आलेल्या माणसांचे वंशज. तेही आता तिथलेच, आणि मनापासून तिथलेच आहेत. भारताचा एक धागा याच बेटाशी जुळतो. इंडोनेशियाचे स्वातंत्र्यसेनानी मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरिर यांना डचांनी १९३६ ते १९४२ इथे हद्दपार ठेवलं होतं. त्याच शाहरिरांना १९४७ मध्ये बिजू पटनायकांनी डचांची नाकेबंदी मोडून विमानाने बाहेर काढलं आणि दिल्लीला आणलं. बांदातल्या दोन बेटांना आज हट्टा आणि शाहरिर यांची नावं आहेत.

लाव्ह्याखाली गेलेलं प्रवाळ पाच वर्षांत परतलं, कारण शेजारचे कट्टे जिवंत होते. आगीने एक उतार मारला, पण दोन मैलांवरच्या, पलीकडच्या बेटाच्या, हट्टाच्या कड्यांवरच्या प्रवाळांनी अंडी सोडली आणि प्रवाहाने ती आणून दिली. माणसांच्या बाबतीत कंपनीने शेजारचं गाव ठेवलंच नाही. एकाच मोसमात जवळजवळ सगळी बेटं रिकामी केली. म्हणून चारशे वर्षांनी भाषा केईमध्ये आहे आणि बांदामध्ये नाही.

आज प्रवाळावर जे येतंय, ते लाव्ह्यासारखं नाही, १६२१ सारखं आहे. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त, आणि तेही काही आठवडे तापलेलं राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो, यालाच विरंजन म्हणतात, आणि उष्मा टिकला तर प्रवाळ उपाशी मरतं. जगभर असं १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१४ ते २०१७ सलग झालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक विरंजनाची लाट जाहीर केली. आपलं लक्षद्वीप आणि अंदमानही यातून सुटलं नाही. तापलेलं पाणी एक उतार निवडत नाही. शेजारचे, पलीकडचे, शंभर किलोमीटरवरचे कट्टे एकाच वेळी पांढरे पडतात, आणि मग अळ्या यायच्या कुठून? लाव्हा फ्लोचं उदाहरण देऊन ‘निसर्ग आपोआप सावरतो’ असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते चुकीचे वाटतात. निसर्ग तिथे आपोआप सावरला नाही. आसपास सावरायला लागणारं सगळं शाबूत होतं, म्हणून सावरला.

बांदाला या बाबतीत नशिबाची एक साथ आहे. खालून वर येणारं थंड पाणी दरवर्षी काही महिने समुद्राचं तापमान उतरवतं. बांदा ज्यात येतं त्या मालुकू बेटांत ‘सासी’ नावाची जुनी चालही आहे. गाव ठरवतं, की अमुक पट्ट्यात अमुक काळ शिंपले, समुद्रकाकडी किंवा मासे काढायचे नाहीत. मुदत संपली की सगळे मिळून काढतात, मोडणाऱ्याला दंड होतो. कायद्याची पोलिसबोट जिथे महिनोन्‌महिने फिरकत नाही, तिथे हे चालतं, कारण पाहणारे डोळे गावाचेच असतात. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली आणि स्थानिक मच्छीमारांशी त्यावरून झालेला वाद वर्षानुवर्षं मिटला नाही. तिथल्या कारभाऱ्यांनी सासी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

जायचं असेल तर शांत समुद्राचे मोसम दोन, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसरा नेमका दिवाळीच्या सुट्टीत येतो. मधल्या महिन्यांत आग्नेयेचा वारा समुद्र उसळवतो. अंबोनहून मोसमात जलद बोट असते, सरकारी पेल्नी कंपनीचं प्रवासी जहाज असतं, आणि डायव्हिंगसाठी आठवडाभर समुद्रावरच राहणाऱ्या लाइव्हअबोर्ड बोटी. वेळापत्रकावर विसंबू नका, हाताशी दोन दिवस जादा ठेवा. बांदा ही शिकण्याची जागा नाही. प्रवाह जोराचे आहेत आणि मोठं रुग्णालय समुद्रापलीकडे आहे. शिकायला तारकर्लीचं एमटीडीसीचं केंद्र आहे, अंदमान आहे. तिथे तोल सांभाळायला शिका, कुठेही न टेकता पंधरा मिनिटं एका खोलीवर राहता येईल इतकं शिका, मग इकडे या. शेवटच्या डायव्हनंतर १८ ते २४ तास विमानात बसू नका, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. गाइड बेटावरचाच घ्या. पैसे तिथे राहिले तर कट्टा राखायचं कारणही तिथे राहतं.

आणि एक दुपार पाण्याबाहेर ठेवा. नेइराच्या गल्लीत परिगी रांते नावाची विहीर आहे, तिच्याजवळच्या स्मारकावर १६२१ मध्ये मारल्या गेलेल्या ओरांग कायांची नावं कोरली आहेत. बहुतेक डायव्हर तिथे जात नाहीत. तुम्ही जा, आणि ती नावं वाचा.